आठवा पाट

"गणित जुळत नाही, वनिताताई," डॉ. सुनीती देवधर पडद्यावरचा आलेख दाखवत म्हणाल्या.

"मग?" वनिता तांडेल म्हणाली.

हल्ली तिचं सगळ्यालाच 'मग?' असायचं. फेरीबोट खाडीत बुडाली, नवरा गेला आणि ती उलट्या बोटीला धरून वाचली. त्यानंतर अंगावर तांब्याभर पाणी पडलं तरी ती किंचाळायची. आता खुशाल आंघोळ करत होती. नवऱ्याचा फोटो पुसतानाही हात थरथरत नव्हता. दगड झाली होती म्हणा ना.

"या समभार-यंत्राचं तत्त्व साधं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूपट्टी बांधून त्या बोटीतून वाचलेले तुम्ही सात जण बसलात की ज्याच्या मनात आघातभार जास्त, त्याच्याकडून तो कमी असलेल्याकडे वाहतो. दोन विहिरी भुयाराने जोडल्या की पाणी एका पातळीला येतं, तसं. पण पाणी आटत नाही हो! सातांचं मिळून होतं तेवढंच राहायला हवं. तुमचं दर बैठकीला कमी होतंय."

"देव पावला, दुसरं काय!" काशिनाथ नाखवा म्हणाले. बुडालेल्या बोटीचं सुकाणू त्यांच्याच हातात होतं.

"देवाला पट्टी बांधली होती का, नाखवा? आठवं डोकं कुणाचं?"

सगळ्यांच्या नजरा आठव्या पाटाकडे वळल्या.

तो पाट बुडालेल्यांचा. पहिल्याच दिवशी गटाने हट्ट धरला होता, की गेलेल्यांचंही पान मांडायचं. म्हणून तिथे पाण्याचा पेला ठेवत आणि पट्टीही ठेवत, कारण पंगतीत बसवलेल्याला वगळायचं नसतं. न बांधलेल्या पट्टीतून काय वाहणार, म्हणून डॉक्टरांनीही मान डोलावली होती.

आत्ता त्या पाटावर वनिताची पाच वर्षांची ओवी बसली होती. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून वनिता तिला बरोबर आणायची. ती 'बाबांच्या पाटावर' बसून पट्टी मुकुटासारखी घालायची, आणि सगळ्यांना त्याचं भारी कौतुक.

"अरे देवा!" डॉक्टर ओवीसमोर उकिडव्या बसल्या. "बैठक चालू असताना आत डोकवायचं नाही, हा नियम माझाच. वनिताताई, तुमच्यात भार सगळ्यात कमी हिचाच होता. सगळ्यांचं वाहत हिच्याकडेच गेलं."

वनिताला बादली आठवली. बादली दिसली की ओवी अलीकडे कोपऱ्यात दडायची. पोर त्या बोटीत नव्हतीच! आपण आता ऊर बडवायला हवा, हे वनिताला कळत होतं. ती थांबून राहिली. आतून काहीच आलं नाही.

"काढून घ्या तिच्यातलं," ती म्हणाली.

"आता सगळे एकाच पातळीला आहात; तेवढं तुम्हा मोठ्यांना जाणवतही नाही, पण एवढ्याशा जिवाला ते फार. आपोआप काही वाहणार नाही. उपसावं लागेल, आणि उपसलेलं कुणाच्या तरी माथी घालावं लागेल. तुम्ही घेतलंत, तर तुमच्या वाट्यावर तिचाही वाटा चढेल."

"थोडं मलाही दे, पोरी," नाखवा म्हणाले.

"नको नाखवा. वाटून झालं तेवढं पुरे."

"विचार करा, ताई. फार जड जाईल," डॉक्टर म्हणाल्या.

"डॉक्टर, मला काही वाटत नाहीये. पण ही माझी पोर आहे, एवढं कळतंय. तेवढ्यावर चालू करा."

वनिताने पट्टी बांधली. यंत्र घरघरलं. आधी कानामागे ऊन लागल्यासारखं झालं. मग जे आलं ती बोट नव्हती, नवराही नव्हता. कोपऱ्यात दडलेली इवलीशी पाठ आली. "नाटकं पुरे!" म्हणत तिला दंडाला धरून बादलीकडे ओढणारी आपण स्वतः आलो.

"अगं माझ्या बाय! काय केलं गं मी तुझं!" वनिताने असा टाहो फोडला की नाखव्यांनी तोंड फिरवलं.

यंत्र थांबलं. डॉक्टरांनी ओवीची पट्टी सोडली. आईला रडताना बघून ती उठली, पाटाजवळचा पेला दोन्ही हातांनी उचलून डुचमळत घेऊन आली.

"आई, पाणी पी ना."

पाणी बघताच वनिता अंग चोरून मागे सरकली. दात वाजू लागले. तरी तिने हात पुढे करून पेला धरला, आणि डोळे मिटून एक घोट घेतला.