लाडूचा कान

मुलाचं घर पाहायला गेल्यावर मुलीनं कसं वागायचं, याचे धडे मावशीनं अकोल्यापासून अमरावतीपर्यंत गाडीत दिले होते. हळू बोलायचं, फार विचारायचं नाही आणि मुख्य म्हणजे डॉक्टरकी दाखवायची नाही! पण प्रांजली गावंडे पडली जनावरांची डॉक्टर, आणि दारातला त्यांचा कुत्रा लाडू, सोनेरी कॉकर स्पॅनियल, सारखा मान वाकडी करून फडफड कान झाडत होता. आता सांगा, तिनं काय डोळे मिटून पोहे खायचे?

प्रांजली नव्या साडीसकट फरशीवर बसली. लाडूचा लोंबता कान तिनं उचलला. आत लालबुंद, चिकट... आणि वास तर विचारूच नका.

"काय टाकलं याच्यात?"

"लसणाचं तेल," मुलाची आई, कौशल्याकाकू, कौतुकानं म्हणाल्या. "कोमट करून. आमच्या अनुपले लहानपनी हेच टाकलं. झालं का त्याले काही?"

"अनुपचे कान असे लोंबते हायेत का, काकू? याच्या कानात हवा जात नाई, ओल राह्यते, अन् तुमी वरून तेल ओतून राह्यल्या! किती आग होत असन त्याले!"

मावशीनं कपाळाला हात लावला. प्रांजलीनं अनुपकडे पाहिलं. दिसायला चांगला होता मेला, म्हणून तिला अजूनच राग आला.

"तुमाले माईत नव्हतं?"

"होतं..." तो खाली मान घालून म्हणाला. "पन आईले कोन बोलन?"

"मुक्या जनावराची बाजू घेता येत नाई तुमाले — माही काय घेसान?"

झालं! सोयरीक तिथंच मोडली.

पुढच्या मंगळवारी अकोल्यात, जठारपेठेतल्या तिच्या दवाखान्यात बाकावर कोण? एकीकडे अंगावर चट्टे पडलेली लॅब्राडोर, दुसरीकडे तोंडाच्या वळ्या खाजवणारा पग, आणि मधे लाडूला मांडीवर घेतलेला अनुप.

"अमरावतीत डॉक्टर नाईत?" ती फणकारली.

"हायेत नं. पन असं झापनारं कोनी नाई."

तिनं हसू गिळलं. "डोकं धरा. लाडूचं."

ती कान साफ करत होती आणि तो "झालं रे राजा, झालं..." म्हणत लाडूला थोपटत होता. त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं. त्यानं काढलं नाही... आणि तिनंही नाही.

मग मंगळवार येत राहिले. आंघोळ झाली की कान कोरडा करायचा, हे तो शिकला. एकदा त्याला उशीर झाला, तर ती उगाच दारापर्यंत जाऊन आली आणि स्वतःवरच चिडली. ज्याच्या तोंडून आईसमोर शब्द फुटत नाही, त्याची वाट कशाला पाहायची?

"राग गेला का?" तो विचारायचा.

"नाई."

"मंग येत राह्यतो."

कान बरा झाला, त्या दिवशी काकूही आल्या. कान पाहून खूश झाल्या आणि पिशवीतून बाटली काढली.

"बरा झाला नं? आता रोज तेल टाकतो. पुन्हा नको व्हाले."

प्रांजलीनं तोंड उघडलं — आणि मिटलं. आज ती बोलणार नव्हती. तिनं फक्त अनुपकडे पाहिलं.

"नाई, आई," अनुप म्हणाला. आवाज कापत होता, पण साऱ्या बाकाला ऐकू गेला. "तेल नाई. कधीच नाई. त्याले दुखत होतं अन् मी गप राह्यलो. माहं चुकलं."

"अगं माय! लगनाआधीच बायकोचा झाला!"

"अजून कुठी झालो..." तो लाजला. "थे हो म्हनन तवा."

प्रांजलीनं हात पुढे केला. "काकू, बाटली द्या."

काकूंनी ती छातीशी धरली. "फेकतं का?"

"फेकू कायले? घरी ठेवा. मी आली की फोडनीले वापरीन."

काकू लेकाकडे पाहत राहिल्या, मग तिच्याकडे. बाटली त्यांनी जपून पिशवीत ठेवली.

"तिखट चालते का तुले?" त्यांनी विचारलं.