कुंडाखालची ओल

पवनारच्या पुढं धाम नदीच्या काठाकाठानं गेलं की आमचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण आजोबांच्या पिढीनं चर्च बांधलं. आमी त्याले देऊळच म्हणतो. काळ्या दगडाचं जोतं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, सागाचे दोन खांब. दारात शिरलं की डाव्या हाताले बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. जमीन मातीची, दर शनिवारी आमी बाया पाळीनं सारवायचो.

एकाहत्तर साली माह्या जावेले, अनुसयाले, पोरगी झाली. त्याच आठवड्यात माही नलू. जावेचं लेकरू कमजोर. बाप्तिस्मा द्यायचा तर फादर पाह्यजे, आन् फादर महिन्यातून एकदा येत. आमी वाट पाहत बसलो. लेकरू गेलं.

बाप्तिस्मा नाई म्हणून नाव नाई, नाव नाई म्हणून कब्रस्तानात जागा नाई! देवळाच्या पंचानं तोंडावर सांगितलं. अडल्यावेळी घरच्या कोणीही कपाळावर पाणी ओतलं तरी बाप्तिस्मा होते, हे त्याच शहाण्यानं आमाले मागून सांगितलं. मागून! अजूनही आठवलं की टाळकं सणकते.

अनुसयानं सारवायच्या निमित्तानं कुंडाखाली खड्डा केला आन् लेकरू तिथं ठेवलं. दारात मी उभी होती. मंग तो कोपरा तीच सारवायची, दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे. अठ्ठ्याहत्तरात तीही गेली.

पुढच्या साली नवे फादर गावातच राहायले आले. त्यायनं सिमेंटची जमीन केली. सगळी वाळली, कुंडाखालचा कोपरा तेवढा ओला. मिस्तरीनं खरवडून पुन्हा लावलं. भर मे महिना, वर्धेचं ऊन, तरी ओल हटेना. मंग ताज्या शेणाचा वास येऊ लागला. सिमेंटवर बोटं फिरवल्याच्या रेघा उमटल्या, सारवणाच्या असतात तशा.

"बाई, कोन येते इथं?" मिस्तरीनं विचारलं. किल्ली तर फादरजवळ होती.

मी फादरकडे गेली. सगळं सांगून टाकलं. "त्या लेकराले नाव द्या, फादर."

"मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, बाई."

"मंग जितं होतं तवा काऊन नाई आले तुमी लोकं?"

फादर म्हणाले, उद्या खोदून हाडं कंपाउंडबाहेर नेऊ.

"हाडं म्हणू नका! लेकरू हाय ते!" मी अशी ओरडली का बाहेरचे लोकं गोळा झाले.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी पहार घेऊन आला. आला तसाच थांबला. ओलीवर एका हाताचा पंजा उमटला होता. बाळाचा नाई. सात-आठ वर्साच्या पोरीचा.

नलू माह्यामागं आली होती. मी धरायच्या आत तिनं आपला हात त्यावर ठेवला. बरोबर बसला.

"आई, हे पोरगी माहं नाव विचारून राह्यली."

नलूले मी त्या लेकराचं कधीच सांगितलं नव्हतं.

"तू सांगितलं?"

"हो. म्हणे, ते नाव मले दे."

मी तिले ओढतच घरी आणलं. दाराले कडी लावली.

संध्याकाळी चुलीपुढून हाक मारली, "नलू!"

नलू माह्या पाठीशीच उभी होती. तोंड मिटून माह्याकडे पाहत होती.

"ओ" आली ती देवळातून.