हिममुहूर्त

हिमालयातल्या तुंगीधारच्या निद्रागृहात त्या सकाळी एकेचाळीस माणसं बर्फाची वाट बघत झोपलेली होती आणि खिडकीबाहेरचा उतार मात्र तपकिरी होता. कड्याच्या सावलीत तेवढा एक मळकट पट्टा पांढरा म्हणण्याजोगा होता. शरयूताई दांडेकर काचेजवळ उभ्या राहून त्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

त्या साताऱ्याहून आल्या होत्या. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात कापडी पिशवी. पिशवीत नवऱ्याचा स्वेटर, त्याचा चष्मा आणि डबाभर तिळाच्या वड्या. नवरा, म्हणजे विद्याधर दांडेकर, नऊ वर्षांपूर्वी बासष्टाव्या वर्षी इथे झोपला होता आणि तो अजून बासष्टच वर्षांचा होता.

हिमालयात स्कीइंगला कधी जावं, हा एके काळी सोपा प्रश्न होता. डिसेंबरात थर पातळ, जानेवारीत थंडी हाडं फोडणारी, फेब्रुवारीत बर्फ दाट आणि ऊन सुखाचं, मार्चमध्ये सकाळी टणक नि दुपारी चिखल. ज्याने त्याने आपली हाडं आणि आपली रजा बघून आठवडा ठरवावा. पुढे हवामान बिघडलं. अख्ख्या हिवाळ्यात खऱ्या बर्फाचे चार-पाच दिवस उरले आणि ते कधी येतील हे दोन दिवस आधीसुद्धा कुणाला सांगता येईना. साताऱ्याचा माणूस निरोप मिळून निघून इथे पोचेपर्यंत सगळं वितळलेलं असायचं.

यावर 'शुभ्रधारा' नावाच्या कंपनीने तोडगा काढला, तो एका प्राण्याकडे बघून. हिमालयातल्या उंच कुरणांवर मार्मोट राहतो. खारीच्याच कुळातला, पण मांजरापेक्षा थोराड. हिवाळा आला की तो बिळात शिरतो आणि सहा महिने झोपतो. ही आपली दुपारची डुलकी नव्हे. त्याचं अंग गार पडतं, हृदय मिनिटाला चार-पाचदाच ठोका देतं, श्वास चालू आहे की नाही ते कळत नाही. याला शीतनिद्रा म्हणतात. मार्मोटाच्या शरीरात ती ज्या द्रव्यामुळे लागते ते शास्त्रज्ञांनी शोधून काढलं आणि माणसालाही तसं निजवता येऊ लागलं. गिऱ्हाइकाने डिसेंबरात यायचं, आपल्याला कसा बर्फ हवा त्याच्या अटी लिहून द्यायच्या आणि झोपायचं. अटी जुळल्या की यंत्रणा त्याला उठवणार. त्या घडीला कंपनीने नाव दिलं होतं हिममुहूर्त. शीतनिद्रेत वय वाढत नाही, तेव्हा वाट पाहण्यात तुमचं काहीच जात नाही, असं जाहिरातीत म्हटलं होतं. वाट पाहण्यात काहीच जात नाही म्हटल्यावर माणूस किती चोखंदळ होतो, ते मात्र जाहिरातीत नव्हतं.

विद्याधरराव मुळातच चोखंदळ. एका कारखान्यात तेहतीस वर्षं ओतीव भाग तपासण्याचं काम त्यांनी केलं. केसाएवढी चीर दिसली की माल परत. घरीही तेच. आमटीत मीठ अर्धा चिमटा इकडेतिकडे झालं तर बोलायचे नाहीत, फक्त डावी भुवई वर जायची आणि ओठ एका बाजूला मुरडायचा. त्या एका मुरडीला शरयूताई चौतीस वर्षं भीत आल्या होत्या. सव्विसाव्या वर्षी, लग्नाच्या आधी, विद्याधरराव स्की शिकायला हिमालयात गेले होते. नऊ दिवस नुसता ओला चिखल आणि दहाव्या दिवशी सकाळी वीस मिनिटं पिठासारखा कोरडा, भुसभुशीत बर्फ. त्या वीस मिनिटांबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांना ती परत हवी होती.

इतरांनी अर्जात एखादी अट लिहिली. विद्याधररावांनी सातही रकाने भरले. थर चार फूट. बर्फ कोरडा. थंडी उणे चार ते उणे आठ. वारा ताशी दहा किलोमीटरच्या आत. आकाश निरभ्र. हिमकडा कोसळण्याचा धोका शून्य. उतारावर वीसपेक्षा जास्त माणसं नकोत. आणि खाली, कारखान्यातल्या सवयीने, स्वच्छ अक्षरात: 'सर्व अटी एकाच वेळी. या हंगामात न जमल्यास पुढील हंगाम.' शरयूताईंसाठीही खाट होती, पण त्या म्हणाल्या, मला नको तो गारठा. झोपायच्या आधी नवऱ्याने एरवीच्या 'अगं'ऐवजी त्यांना नावाने हाक मारली, म्हणून ते वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं होतं. "शरयू, चार फुटांच्या खाली उठवू द्यायचं नाही हं."

"काकू, आत या," डॉ. बोरवणकर म्हणाले. ते निद्रागृहाचे मुख्य शास्त्रज्ञ. चाळिशीचे, अकोल्याकडचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेले. पत्र पाठवून शरयूताईंना त्यांनीच बोलावून घेतलं होतं.

"दर वर्षी तुमचं पत्र यायचं," शरयूताई बसत म्हणाल्या. "अटी पूर्ण झाल्या नाहीत, काळजी नसावी. या वर्षी नुसतं 'या' म्हणून लिहिलंत. ह्यांचं काही बरंवाईट...?"

"नाही. तब्येत उत्तम आहे. हृदय, फुप्फुसं, सगळं बासष्ट वर्षांच्या माणसाचं." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "काकू, मार्मोट सहा महिने सलग झोपत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही बुवा."

"दर दोन-तीन आठवड्यांनी तो अंग गरम करतो. दिवसभर ऊब आणतो आणि पुन्हा गार पडतो. त्यात त्याची साठवलेली चरबी भसाभस जळते. मग हा उपद्व्याप कशासाठी? तर मेंदूसाठी. मेंदूतल्या पेशी एकमेकींना फांद्यांनी जोडलेल्या असतात. आपली आठवण म्हणजे त्या जोडण्याच. थंडीत त्या फांद्या आखडतात, जोडण्या सुटतात. ऊब आली की परत फुटतात. म्हणून आम्हीही दर तीन आठवड्यांनी माणसांना गरम करतो. त्याला आम्ही ऊबफेरी म्हणतो. तेवढा दिवस ते साधी झोप झोपतात, स्वप्नं बघतात."

"मग चांगलंच आहे की."

"एका हिवाळ्यापुरतं चांगलं आहे. पुढचं आम्हाला उशिरा कळलं." डॉक्टर टेबलावरच्या पेपरवेटशी चाळा करत होते. "ऊबफेरीत सगळ्या फांद्या परत फुटत नाहीत, काकू. स्वप्नात जी वाट चालली जाते तेवढीच फुटते. जी चालली जात नाही ती प्रत्येक फेरीत थोडी थोडी बुजत जाते. रानातल्या पायवाटेसारखं आहे ते. चार-पाच फेऱ्यांनी फरक पडत नाही. काकांच्या दीडशेवर झाल्यात."

शरयूताईंनी विचारलं, "ह्यांना स्वप्नं कसली पडतात?"

"झोपताना माणसाच्या मनात जे असतं त्याची. इथे सगळे एकच गोष्ट मनात घेऊन झोपतात."

शरयूताईंना हे समजायला शास्त्र शिकावं लागलं नाही. त्या वीस मिनिटांत त्या नव्हत्या. तेव्हा लग्नच झालं नव्हतं.

"मागच्या वर्षी एक बाई उठल्या, सहा हिवाळ्यांनंतर," डॉक्टर म्हणाले. "त्यांना बूट बांधता येत होते, उतारावर वळणं घेता येत होती. मुलाला ओळखलं नाही. आपण तरुण आहोत असं त्यांना वाटत होतं. तेव्हापासून आम्ही कुणाला झोपवत नाही. जे झोपलेत त्यांच्या नातेवाइकांना एकेक करून बोलावतोय."

"मग आधीच का नाही उठवलंत ह्यांना?" शरयूताईंचा आवाज चढला. "माणूस आहे तो, लोणच्याची बरणी नव्हे!"

डॉक्टरांनी समोरची फाइल उघडली. त्यांनी ती अगदी सावकाश उघडली, जणू उघडायची नव्हती. "आम्ही दोनदा विचारलं होतं, काकू. दुसऱ्या हिवाळ्यात साडेतीन फूट बर्फ पडला होता. बाकी सहाही अटी जुळत होत्या. आणि चौथ्या हिवाळ्यात तीन फूट आठ इंच."

आणि शरयूताईंना ते दोन्ही फोन आठवले. खरं तर त्या कधीच विसरल्या नव्हत्या.

पहिल्या फोनच्या वेळी त्या साताऱ्याच्या घरात खुर्चीवर पाय घेऊन रेडिओ ऐकत बसल्या होत्या. रेडिओ मोठ्याने लावलेला. आमटीत मीठ त्यांच्या मनाला येईल तेवढं. तिकडून एक मुलगी नम्रपणे म्हणाली, सहा इंच कमी आहे, उठवायचं का? शरयूताईंच्या डोळ्यांसमोर ती भुवई आली, तो मुरडलेला ओठ आला. साडेतीन? चार लिहिलं होतं ना मी? मग त्याचं पारायण उरलेलं आयुष्य ऐकायचं. त्या म्हणाल्या, "नको गं बाई. त्यांना नाही चालायचं. चार म्हणजे चार." दुधाची तहान ताकावर भागवणारा तो माणूसच नव्हता. फोन ठेवला आणि त्यांनी रेडिओ पुन्हा मोठा केला. दुसऱ्या फोनच्या वेळी चार इंचांवर घोडं अडलं तेव्हाही त्यांनी हेच केलं. वय तर वाढत नाही, त्यांचं काय जातंय, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. घरी मिळालेली ती मोकळीक त्यांना हवी होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, देवापुढेसुद्धा नाही.

समाधानी माणसं केव्हाच उठली, मनसोक्त घसरली, घरी गेली. मागे राहिले ते हे एकेचाळीस, नाकावर माशी बसू न देणारे, आणि प्रत्येकाच्या मागे घरात कुणीतरी त्याच्या शब्दाला जागणारं.

"चार फूट आता पडेल का हो कधी?" शरयूताईंनी विचारलं.

"आपल्या हयातीत नाही. या वर्षी एक फूट पडलाय, तोही ओला."

"मग आता काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवायचं. अट मागे घ्यायचा अधिकार तुम्हाला आहे. नाही घेतलीत, तर ते असेच राहतील. शांत असतात, काकू, हसतातसुद्धा. पण दोनेक वर्षांत भाषाही जाईल. उठवलंत, तर आज जे उरलंय ते पुढे टिकेल. नवीन शिकता येईल."

"उरलेल्यात मी असेन?"

"उठवल्याशिवाय कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "खोटं बोलू शकलो असतो, पण बोलत नाही."

विद्याधरराव तळमजल्यावर होते. त्यांची ऊबफेरी पहाटेच सुरू झाली होती, म्हणूनच शरयूताईंना या तारखेला बोलावलं होतं. गाल कोमट होते. दाढी जराशी वाढलेली. शरयूताईंना एकदम लाज वाटली. नवरा आता त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटा होता, आणि चादरीवर ठेवलेला त्यांचा हात त्याच्या हातापुढे त्याच्या आईचा वाटत होता.

तेवढ्यात तो झोपेत हसला. असं मोकळं हसताना त्यांनी त्याला संसारात दोन-चारदा पाहिलं असेल. गुडघे किंचित वाकले, खांदे डावीकडे झुकले, मग उजवीकडे. तो उतरत होता. त्याचा बर्फ चार फुटांचा होता, आकाश निरभ्र होतं, उतारावर कुणी नव्हतं.

असाच राहू दे, असं शरयूताईंच्या मनात आलं. पूर्ण मिनिटभर त्यांनी तसंच ठरवलंही होतं. मग त्यांना तो रेडिओ आठवला. या आधी दोनदा त्यांनी ह्या माणसाला झोपू दिलं होतं आणि दोन्ही वेळा ते त्याच्यासाठीच आहे असं म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तेच म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"कागद आणा," त्या म्हणाल्या. त्यांनी सही केली. मग त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि हातात धरून बसल्या. नऊ वर्षांत पाठ केलेलं सगळं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. मी चुकले. साडेतीन फुटांना हो म्हणायला हवं होतं. तुम्ही हवं तेवढं बोला मला, रोज बोला.

दुपारी दोनच्या सुमारास विद्याधररावांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. शरयूताईंनी चष्मा पुढे केला, तो त्यांनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला ठेवून दिला. सव्विसाव्या वर्षी त्यांना चष्मा नव्हता.

"बर्फ किती आहे?" त्यांनी विचारलं. आवाज घोगरा, पण त्यांचाच.

डॉक्टरांनी शरयूताईंकडे पाहिलं. खोटं बोलण्याची हीच वेळ होती, पण इंचाइंचाचा हिशेब मागणाऱ्या माणसाला त्या कधीच खोटं सांगू शकल्या नव्हत्या.

"एक फूट," त्या म्हणाल्या. "ओला आहे."

विद्याधररावांची डावी भुवई वर गेली. ओठ एका बाजूला मुरडला.

शरयूताईंच्या तोंडून हुंदका फुटला. चौतीस वर्षं ज्या मुरडीला त्या भ्यायल्या, तिच्यासाठी त्यांनी आज देवाचे आभार मानले. ती होती. भुवई शिल्लक होती, मुरड शिल्लक होती, म्हणजे आमटी शिल्लक असेल, साताऱ्याचं घर असेल, त्या असतील. त्यांनी वाकून नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

विद्याधररावांनी तो सोडवून घेतला नाही. मोठ्या माणसाचा हात कसा सोडवायचा, असा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग वडीलधाऱ्यांशी बोलायच्या मऊ, पोरसवदा आवाजात ते म्हणाले,

"मग मला उठवलंत कशाला, आजी?"