भारुडातली अंजिरी साडी

"तुमची एखादी साडी मिळंल का?"

पहिल्याच भेटीत मला असं विचारणारा मुलगा दारात उभा होता. माझे हात भाकरीच्या पिठात. त्याने मिशी नुकतीच काढलेली, त्यामुळे ओठावरची जागा जरा उजळ दिसत होती.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आमच्या पिंपरी पेंढारला लोककलेचा मेळा भरायचा. आमटी गावाची आणि भाकरी घराघराची, असा रिवाज. देवळापुढे कढई चढायची, प्रत्येक घरातून भाकऱ्यांची टोपली यायची. कलाकारही गाव असंच वाटून घ्यायचं. त्या वर्षी आमच्या वाट्याला डिंगोरे गावचं भारुडाचं मंडळ आलं होतं आणि दारातला हा मुलगा, आदेश, त्यात सासुरवाशीण व्हायचा.

"कपड्यांची पेटी एष्टीतच राहिली," तो म्हणाला. "दुपारी भारूड हाय."

"नेसता येती का?"

"येती... निऱ्या तेवढ्या नीट पडत न्हाईत."

तो हसला आणि माझं लक्ष ठिकाणावर राहिलं नाही. हात पुसून मी आमच्या पेटीतली सगळ्यात वरची साडी उचलून त्याच्या हातावर ठेवली.

ती नेमकी अंजिरी साडी! दुसऱ्या दिवशी मला बघायला मंचरचे पाहुणे येणार होते, त्यासाठी आईने खास घेतलेली. कळलं तेव्हा आदेश ती नेसून देवळापुढे सासूचे टोमणे सांगत होता आणि गाव पोट धरून हसत होतं. मेळा बघायला म्हणून एक दिवस आधीच आलेले मंचरचे पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. आईने कपाळावर हात मारला. मी मात्र हसून हसून डोळे पुसत होते.

संध्याकाळी त्याने साडी घडी घालून परत आणली. पदरावर आमटीचा डाग होता.

"जेवताना सांडली," तो खाली मान घालून म्हणाला. "भाकरी लई झाक व्हती."

"कुणाच्या घरची व्हती ते कळलं का?"

"कळलं न्हाई. तुमची असावी असं वाटलं... म्हणून दोन जादा खाल्ल्या."

तेवढ्यात आई आतून उद्या मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांवरून कुरकुरली. त्याचा चेहरा उतरला. चांगलं झालं, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मंचरचं स्थळ तसं चांगलं होतं, पण माझं मन डिंगोऱ्याकडे धावत होतं त्याला काय करणार?

सकाळी साडीवर डाग पडल्याची बातमी गावभर झाली आणि भाकऱ्या याव्यात तशा घराघरातून साड्या आल्या. शेजारच्या साळुबाईने लग्नातला शालू आणला. मेळ्याला आलेल्या आळे गावच्या कस्तुरबाई शेठाणींनी बांधणीची साडी दिली. पलंग भरून गेला. त्या बायकांची माया मी अजून विसरले नाही.

मी सगळ्या साड्या बघितल्या आणि अंजिरी नेसले.

पाहुणे आले. मला बघताच मंचरच्या मुलाच्या मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "ही साडी काल त्या नाच्यानं नेसली व्हती का?"

"हो," मी म्हणाले. "मीच दिली व्हती."

पाहुणे चहा न घेताच उठले. वडील माझ्याशी बोलेनात. मी मागच्या दाराने निघाले ती थेट देवळाकडे. डिंगोऱ्याची मंडळी टेम्पोत ढोलकी चढवत होती.

"मोडलं," मी सांगितलं.

आदेश पांढराफटक पडला. "माझ्यापायी? थांबा, मी पाया पडून सांगतो त्यास्नी..."

"नका सांगू. पलंगभर साड्या व्हत्या. मी हीच नेसले."

त्याने साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उजेड पडायला त्याला जरा वेळच लागला.

"मग... घरच्यांना घेऊन येऊ?"

"या," मी म्हणाले. "पण मिशी वाढवून या."

महिन्याच्या आत तो आई-वडिलांना घेऊन आला. मी अंजिरी साडी नेसून पोहे घेऊन बाहेर आले. त्याची मिशी अजून अर्धीच आली होती.