पुंडलिकरावांचा शाकाहारी शिवडा

"जमादार, माझा शिवडा चोरीले गेला."

पुंडलिकराव सकाळी सात वाजता आंजीच्या चौकीत शिरले, तेव्हा जमादार नत्थूजींचा चहा अजून संपायचा होता.

शिवडा म्हणजे नदीतला मिशाळ मासा. अंगाला खवलं नाहीत, जबडा मात्र डोळ्यांच्याही मागे गेलेला. समोर येईल ते गिळतो. पुंडलिकरावांचा तर पांढुरका. असा धाम नदीत कुणी पाहिला नव्हता. कापडाचे व्यापारी पुंडलिकराव अहिंसेवर व्याख्यानं देत. त्यांनी नागपूरहून काचेची मोठी पेटी आणून शिवडा मधल्या खोलीत पाळला, कणकेच्या गोळ्यांवर ठेवला आणि रोहूची बोटभर सात पिल्लं त्याच्यासोबत सोडली. वर्ष झालं, सातांतलं एकही कमी झालं नव्हतं. संगतीनं शिवडाही सुधारतो, असं ते पेटीपुढे बसून पाहुण्यांना सांगत. उद्या रविवारी वर्ध्याहून पन्नास माणसं हा चमत्कार बघायला येणार होती.

संशय कुणावर, हे सांगायला त्यांना क्षणही लागला नाही. पेटीसाठी रोज पहाटे नदीचं दोन घागरी पाणी आणणारा पुनाजी. गोंड माणूस, मासे खाणारा. शिवडाही त्यानंच धरून आणलेला. शिवाय तीन पिल्लंही गेली होती.

नत्थूजींनीही विचार केला नाही. पुढे त्यांना हेच जास्त लागलं. दोन शिपाई घेऊन ते थेट पुनाजीच्या झोपडीवर गेले. दारात बैलगाडी सोडलेली होती. त्याच्या मुलीला, रुखमाला, बघायला आदल्या सांजेला पाहुणे आले होते आणि बोलणी जवळजवळ ठरली होती. त्यांच्यादेखत झोपडीतली मडकी गल्लीत पालथी झाली. एकात माशाचं कालवण निघालं. पाहुण्यांनी लगेच बैल जुंपले.

चौकीत पुनाजी उकिडवा बसला.

"शिवडा कुठं हाय?"

"मले नाई मालूम."

"आन् तीन पिल्लं? तीही तूच नेली?"

"पिल्लाईबद्दल मी बोलत नाई."

"काऊन?"

"जबान देल्ली हाय."

कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. नत्थूजींना ती कबुलीच वाटली. पंचनाम्याचं तेवढं उरकून टाकावं म्हणून दुपारी ते पुंडलिकरावांकडे गेले.

पेटीवरची फळी जागच्या जागी होती. पाण्यात चार पिल्लं, बोटभर लांब. जमिनीवर बुळबुळीत काहीतरी वाळून चकाकत होतं, आणि ती ओळ स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे गेली होती. दारापलीकडे उंच भिंतीचं परसू आणि विहीर.

"हे दार सकाळी उघडं होतं?"

"नाई. आतून कडी होती. मीच काढली."

"पुनाजी घागरी कुठवर आणते?"

पुंडलिकराव जरा अडखळले. "उंबरठ्यापर्यंत. आत पेटीत बाई ओतते."

"बाई कुठं हायेत?"

सुलोचनाबाई तीन दिवसांपासून पुलगावला बहिणीकडे होत्या, आता दुपारच्या मोटारीनं येणार होत्या. तोवर पाणी पुंडलिकरावांनीच ओतलं होतं.

नत्थूजी पेटीपुढे बराच वेळ बसले. चारही पिल्लं त्यांनी पुन्हा पुन्हा न्याहाळली. मग स्वतःच्याच मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

सुलोचनाबाई आल्या. नत्थूजींनी त्यांना एकच प्रश्न विचारला, आणि त्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या. शिपाई पुनाजीला घेऊन आला. तो सवयीनं पायरीवरच थांबला. नत्थूजींनी एक बेडूक दोरीला बांधून विहिरीत सोडला. काळ्या पाण्यात पांढुरका जबडा उघडला आणि बेडूक दिसेनासा झाला.

"रोहूचं पिल्लू वर्षात वीतभर तरी होते," नत्थूजी म्हणाले. "तुमची सातही बोटभरच राह्यली, पुंडलिकराव. कारण ती कधी तीच नव्हती. शिवडा गिळत होता, बाई नवी टाकत होत्या. नाल्यातून लोट्यात आणून देत होता पुनाजी."

"लोक यांना एवढं मानत होते," सुलोचनाबाई खाली बघत म्हणाल्या. "माझ्यानं सांगवलं नाई. मीच त्याची जबान घेतली."

"बाई गेल्या, आन् तीन दिवसांत तीन पिल्लं कमी झाली. रात्रीतून मासा पळवणारा चोर एवढुशी पिल्लं कायले नेईल? तिसरं गिळताना तुम्ही पाह्यलं असेल. उद्या पन्नास माणसं येणार. तुम्ही शिवडा मागच्या दारानं नेऊन विहिरीत सोडला आन् परत येऊन कडी लावली. बाहेर गेलेल्या चोराले आतून कडी लावता येत नाई." पुढचं बोलताना त्यांचा आवाज उतरला. "आन् ज्याले आपण उंबरठा ओलांडू देत नाई, तो स्वयंपाकघरातून मासा नेईल कसा? हे मले सकाळीच दिसायले पाह्यजे होतं. माह्या घरीही पाणी आणणारा दारातच थांबते. म्हणून दिसलं नाई."

पुंडलिकराव भिंतीला टेकून खाली बसले. पुनाजीकडे बघायचीही त्यांना लाज वाटत होती. पुनाजीचं नाव घेतलं की पुढं कोणी काही विचारणार नाही हे माहीत होतं, म्हणून घेतलं, असं ते म्हणाले. मग उठून त्यांनी हात जोडले.

"पुनाजी, आत ये. चुकलो मी. बस इथं."

पुनाजी पायरीवरून हलला नाही. त्याला राग आला होता की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"मडकी गल्लीत पालथी केली, मालक. माफी घरात काऊन मांगता?" तो म्हणाला. "माह्या पोरीचे पाहुणे परत गेले. मी आत येऊन काय करू?"

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

पुंडलिकराव वहाणा न घालताच खाली उतरले. नत्थूजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तेही मागोमाग गल्लीत आले. पाहुण्यांच्या गावी जाऊन खरं काय ते सांगायचं होतं; गाव चार कोसांवर होतं. ते लोक दारात उभं तरी करतील की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.