पाहुण्या पेशी

"परक्या पेशींचे दोन संच मिळायला हवे होते," डॉ. अर्शद मुल्ला म्हणाले. "सोनाबाईंच्या रक्तात तीन आहेत."

सांगलीबाहेरच्या माळावर वंशशोधाची ती प्रयोगशाळा होती आणि तिथलं पेशीचाळण यंत्र देशात एकमेव होतं. ते उभं करणाऱ्या डॉ. सुमित्रा नलवडे पडद्याजवळ आल्या. आकडे पाहायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

नवे खडकवण या धरणग्रस्तांच्या वसाहतीचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी जुनं गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. सात बायका लेकरं काखेला मारून या खडकाळ माळावर आल्या, त्यांनी विहीर खणली, पहिल्या झोपड्या घातल्या. सरकारी कागदांवर मात्र नावं लागली ती नवऱ्यांची. आता गावाला त्या सातजणींच्या नावांचा स्तंभ उभारायचा होता, आणि कुठलं घर कोणाच्या पोटचं हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

मूल पोटात असताना आईच्या थोड्या पेशी बाळात उतरतात आणि जन्मभर तिथेच राहतात. आजीच्या पेशीही आईमार्फत नातवंडापर्यंत पोचू शकतात. लाखांत एखादी असलेली अशी पाहुणी पेशी सुमित्राबाईंचं यंत्र वेचून काढायचं आणि तिचा सगळा वारसा वाचायचं. जिचा कागद नाही, फोटो नाही, अशी बाई नातवंडाच्या रक्ताच्या थेंबात सापडायची.

"पहिला संच आईचा, म्हणजे त्या सातजणींतल्या गंगूबाईंचा," मुल्ला म्हणाले. "दुसरा आजीचा. हा तिसरा निम्मा गंगूबाईंशी जुळतो. उरलेला निम्मा सोनाबाईंना वडिलांकडून मिळालेल्या वारशाशी कुठेच जुळत नाही."

"बाळाच्याही पेशी आईत राहतात, डॉक्टर. पुढच्या बाळंतपणात त्या पुढच्या बाळात जातात. हे गंगूबाईंचं आधीचं मूल आहे. मुलगी. वडील दुसरे."

"धाकटं भावंड नसेल कशावरून?"

"धाकट्याच्या पेशी थोरल्यात येतील कुठल्या वाटेने?"

मुल्लांनी सुचवलं, की गावाने हा प्रश्न विचारलेला नाही, तेव्हा अहवालात हे घालायला नको. सुमित्राबाईंना ते पटलं नाही. निवडून लिहिलं तर ते विज्ञान राहत नाही, असं त्या म्हणाल्या आणि तिसरा संच अहवालात घातला.

शाळेच्या सभागृहात त्यांनी स्वतः अहवाल वाचला. गंगूबाईंचं लग्न बाराव्या वर्षी झालं हे गावाला ठाऊक होतं. म्हणजे ती मुलगी लग्नानंतरची आणि नवऱ्याची नव्हे, एवढा हिशोब लोकांनी जागच्या जागी केला. पहिल्या रांगेत एकोणऐंशी वर्षांच्या सोनाबाई बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि कुणाकडे न पाहता निघून गेल्या. आठवड्यात समितीने स्तंभाच्या यादीतून गंगूबाईंचं नाव काढलं. उरल्या सहाजणी. ते कळलं तेव्हा सुमित्राबाईंना वाईट वाटलं, पण त्यात आपली काही चूक आहे असं वाटलं नाही.

पुढच्याच महिन्यात मुल्ला त्यांच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. यंत्राच्या पडताळणीसाठी त्यांनी ओळखीच्या घरांतले नमुने घेतले होते. सुमित्राबाईंची मुलगी अनुजा मागे प्रयोगशाळा पाहायला आली होती, तेव्हा तिनेही रक्त दिलं होतं. आईला सांगावं असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"अनुजाच्या रक्तातही जास्तीचा संच निघाला," ते म्हणाले. "निम्मा तुमचा. उरलेला तिच्या वडिलांचा, विश्वासरावांचा, नाही. हे तर शक्यच नाही. मला वाटतं, यंत्र कुठेतरी चुकतंय. तसं असेल तर सोनाबाईंचा निष्कर्षही चुकला, आणि गावाला तसं कळवावं लागेल."

एकोणिसाव्या वर्षी, कोल्हापूरच्या एका आश्रमात, सुमित्राबाईंना एक मुलगी झाली होती. सहाव्या दिवशी त्यांनी कागदावर सही केली आणि त्या परीक्षेला बसायला परत आल्या. विश्वासरावांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. ते जाऊनही आता चार वर्षं झाली होती.

मुल्लांसारखा सरळ माणूस उत्तराची वाट पाहत समोर उभा होता. एका शब्दात सगळं निभावत होतं. गंगूबाईंचं नाव परत लागलं असतं आणि आपलंही झाकलं गेलं असतं.

"यंत्राचाच दोष असेल," सुमित्राबाई म्हणाल्या.

त्यांनी गावाला पाठवायच्या पत्रावर सही केली. चौथ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांचा आनंदाने भरलेला फोन आला, की नाव परत यादीत घेतलंय, मॅडम, तुमचा सत्कार करायचाय, एकदा येऊन जा. सुमित्राबाईंना जावं लागलं. सत्कार घ्यायचा त्यांना धीर झाला नाही, म्हणून त्या आधी सोनाबाईंच्या घरी गेल्या. माफी मागायची आणि निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

सोनाबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पाहुणीला पाट दिला, पाणी दिलं. सुमित्राबाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"यंत्र चुकलं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "आईनं जाताना मला सांगितलं हुतं. पयली लेक तिनं मामाच्या गावाला ठिवली, मग माझ्या बापानं तिला घरात घेतली. पंचवीस वर्सं मी कुणाला बोलले न्हाई. तुमी सांगितलं तवा राग आला. पर वाटलं, आता तरी कुणी तिला हुडकंल."

सोनाबाईंनी आणखी एक शेंग फोडली.

"समद्यांनी इचारलं, बाप कोण. माझी भन कुठं हाय, ते कुणी इचारलं न्हाई. तुमीबी न्हाई. आन आता म्हंता, भनच नव्हती."

सुमित्राबाईंचा चेहरा तापला. सभागृहात ताठ मानेने त्यांनी या बाईची आई सगळ्या गावासमोर उघडी केली होती, आणि स्वतःवर आल्याबरोबर हिची बहीण पुसून टाकली होती. दोन्ही वेळा सही त्यांचीच होती.

"यंत्र चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं." आणि मग खाली बघत, अडखळत, त्यांनी आश्रमातली सगळी हकिकत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच.

सोनाबाईंचे हात थांबले. "नाव काय ठिवलं हुतं लेकीचं?"

"ठेवलंच नाही."

सोनाबाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

त्याच दिवशी सुमित्राबाईंनी समितीसमोर आपलं पत्र मागे घेतलं आणि ते का लिहिलं हेही सांगितलं. सत्कार अर्थातच झाला नाही. दुसऱ्यांदा नाव काढायची भाषा मात्र कुणी केली नाही. मुल्लांनी ऐकून घेतलं आणि सोनाबाईंच्या बहिणीचा संच मामाच्या गावच्या नमुन्यांशी ताडायला घेतला. अनुजाला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ती उठून खिडकीशी गेली.

"म्हणून माझं नाव अनुजा ठेवलंस का? मागाहून जन्मलेली?"

सुमित्राबाईंनी होकारार्थी मान हलवली.

राहिलं होतं ते प्रयोगशाळेतलं शीतकपाट. आपली आई शोधणाऱ्या दत्तक माणसांचे चाळीस अर्ज रक्तासकट गेल्या सहा वर्षांत आले होते, आणि ते रक्त त्यात पडून होतं. आईची संमती नसेल तर तपासणी नाही, हा नियम सुमित्राबाईंनी केला होता. नियम चांगलाच होता, आणि तो भीतीपोटी केलेला होता. दत्तक गेलेल्या मुलाच्या रक्तात आईच्या पेशी असणारच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आता एका आईची संमती होती. त्यांनी स्वतःचं रक्त काढून दिलं आणि फक्त स्वतःशी जुळणारा नमुना शोधायला सांगितलं.

अकरावा अर्ज जुळला. बेळगावची मीनल हुंदरे, वय एकोणचाळीस. तिने तीनदा अर्ज केला होता. तिन्ही नकारपत्रांवर एकच सही होती.

सुमित्राबाईंनी पत्र पाठवलं. उत्तर यायला पाच आठवडे लागले. मीनलने लिहिलं होतं, की आईला भेटायची तिची तयारी आता राहिलेली नाही. पण आपल्या पेशी जिच्या रक्तात तीस वर्षं नांदताहेत, त्या बहिणीला भेटायला तिला आवडेल.

सुमित्राबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि अनुजाच्या हाती दिलं.

रविवारी सकाळी अनुजा बेळगावला निघाली. गाडीत बसल्यावर तिने काच खाली घेतली. "तिला काही सांगू तुझ्याकडून?"

सुमित्राबाईंनी आठ दिवस यावर विचार केला होता. त्यातलं एकही वाक्य आता तोंडातून काढण्याजोगं वाटेना.

"तिचे तिन्ही अर्ज माझ्याच टेबलावर आले होते, आणि मी ते वाचलेही नव्हते, एवढं सांग," त्या म्हणाल्या. "सही तिने पाहिलीच आहे. न वाचल्याचं तिला माहीत नसेल."