मिठाचा आणखी एक दिवस

मिरानला उद्देशून मी उच्चारलेला पहिला शब्द प्रेमाचा नव्हता.

"बूट!" मी ओरडले. "अहो, बूट! आहात तिथेच उभे राहा. एक पाऊल टाकलंत तर याद राखा!"

समुद्रकाठच्या सेचोव्ल्ये गावच्या मिठागरात, आमच्या सर्वांत चांगल्या वाफ्याच्या मधोमध, एक सडसडीत तरुण उभा होता. पायांत राजधानीतले, ल्युब्लियानाचे चकचकीत तपकिरी बूट, हातात वही आणि ऐन प्रार्थनेत शिट्टी वाजवलेल्या माणसाचा चेहरा.

वाफ्याच्या तळाशी आम्ही एक राखाडी साय जोपासतो. तिला पेतोला म्हणतात. मीठ आणि चिखल यांच्यामध्ये तेवढाच काय तो पडदा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या सायीत त्या गृहस्थाने सात खड्डे पाडले होते.

"माफ करा," तो म्हणाला. "आता... परत कसा येऊ?"

"बूट काढा. मोजे काढा. आणि आलात त्याच पावलांवर पाय ठेवून या. आठवा खड्डा मला नको."

तो बगळ्यासारखा एकेक पाय उचलत आला. बांधावर पोहोचल्यावर त्याने वर पाहिले, आणि मी तयार ठेवलेले पुढचे वाक्य विसरले. मला वाक्ये विसरण्याची सवय नव्हती.

"मी खेळ बनवतो," तो म्हणाला. "मिठागराचा कारभार चालवायचा खेळ. आधी कागदावर, मग संगणकावर."

"आम्ही इथे उन्हात राबायचं आणि लोकांनी त्याचा खेळ करायचा?" मी रागानेच विचारले, पण मला हसू फुटले.

"तुम्ही हसलात," तो घाईने म्हणाला. "तेवढं हसू आणि तेवढाच राग खेळात आणता आला, की माझं काम झालं."

एर्सिलिया मावशीने त्याला माडीवरची खोली दिली. ऑगस्टच्या अखेरीस, संत बार्थोलोम्यूच्या दिवशी आमचा हंगाम संपतो, मिठागरातली घरे बंद होतात. त्याच दिवशी तोही ल्युब्लियानाला जाऊन अर्थशास्त्राच्या विद्यालयात खेळ दाखवणार होता. मध्ये तीन आठवडे होते. पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकले, की हा माणूस परत आला नाही तर पुढचा उन्हाळा मला फार लांबलचक वाटेल. अर्थात, हे मी कोणालाही सांगितले नाही.

खेळ साधा होता. पांढऱ्या घेवड्याचे दाणे म्हणजे मजूर, जाड्या मिठाचे खडे म्हणजे पीक. प्रत्येक फेरीत ठरवायचे, की मीठ आज ओढायचे, की आणखी एक दिवस ठेवून दाट होऊ द्यायचे. मग फासा. सहा पडले की पाऊस, आणि सगळे पाणी.

मावशी पहिल्यांदा खेळली. तिसऱ्या फेरीतच सहा पडले.

"हा असला खेळ मी रोज बाहेर खेळते!" तिने घेवडा पातेल्यात लोटला. "तिथे निदान अंगाला ऊन तरी लागतं!"

दुसऱ्या दिवशी मिरानने नियम बदलला. आता पावसाच्या आदल्या फेरीतच खेळ तशी सूचना देई. मी ओळीने पाच डाव जिंकले आणि सहाव्याला जांभई दिली.

"कंटाळलात?"

"तुमच्या मिठागरात पाऊस आगाऊ पत्र पाठवून येतो. आमच्याकडचा इतका सभ्य नाही."

"मग मी करू तरी काय, नेव्हिया?" त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "खरा पाऊस घातला की लोक चिडतात, काढला की झोपतात!"

मी त्याला बांधावर घेऊन गेले. दुपारचा शांत उजेड वाफ्यांवर पसरला होता. आभाळ वर होते, तसेच पायांशीही होते.

"या दगडाला हात लावा. कोरडा आहे ना? युगो, म्हणजे दक्षिणेचा दमट वारा, सुटला की याला घाम येतो. मिठाची चमक पाहा; पावसाआधी ती मंदावते. पाकोळ्या खाली उतरतात. आणि चौथी खूण, मावशीचा गुडघा. तो कुरकुरतो."

"म्हणजे तुम्हाला पाऊस कळतो?"

"पाऊस कुणालाच कळत नाही. आम्ही खुणा वाचतो. चारांतली एखादी खोटी निघते, आणि ती कोणती हे कळत नाही. म्हणून तर पोटात गोळा येतो."

"गोळा!" त्याने माझे मनगट धरले. "नेव्हिया, मला तोच गोळा हवा होता!"

मनगट सोडायचे तो विसरला. मीही आठवण करून दिली नाही...

त्या संध्याकाळी चार खुणांच्या चिठ्ठ्या तयार झाल्या; दर फेरीला त्या उघडायच्या, आणि त्यांतली एखादी खोटी असायची. दुसऱ्या दिवशी मावशी खेळायला बसली ती उठेचना, आणि तिच्या हातची पोलेंटा, मक्याच्या पिठाची लापशी, आयुष्यात प्रथमच करपली. मिरानने ते काळे पातेले असे न्याहाळले, जणू त्याला पदकच मिळाले होते.

"माणसांच्याही खुणा वाचता का तुम्ही?" त्याने हळूच विचारले.

"काहींच्या."

"माझ्या?"

"परवा गावात जायची बस तुम्ही दोनदा सोडलीत. दोन्ही वेळा कारण दिलंत, पेन्सिल सापडत नाही. ती तुमच्या कानावर होती."

त्याचे कान लाल झाले. "मग... काय वाचलंत?"

"एखादी खूण खोटी असते, हे मी सांगितलंय तुम्हाला."

आमच्या घराण्यातल्या बायका आधी बोलत नाहीत. मी ठरवले, आणखी एक दिवस थांबू. मग आणखी एक.

संत बार्थोलोम्यूचा दिवस उजाडला. दोनची बस होती. सकाळपासून युगो वाहत होता, दगड ओला होता, मीठ निस्तेज दिसत होते.

"माझा गुडघा गप्प आहे," मावशी म्हणाली. "आज राहू दे, उद्या ओढू."

मी आभाळाकडे पाहिले. पाकोळ्या अगदी पाण्यालगत उडत होत्या.

"आत्ता ओढायचं," मी म्हणाले.

मिरान दारात उभा होता, खांद्यावर पिशवी, पायांत ते तपकिरी बूट. त्याने काहीही न विचारता पिशवी ठेवली, बूट उतरवले आणि लाकडी फावडे उचलले. आम्ही तिघांनी मीठ ओढले, ढीग घातले, झाकले. एकच वाफा राहिला होता, तोच टपोरे थेंब आले. आमच्या डोळ्यांसमोर तो पांढरा वाफा आधी करडा झाला, आणि मग नुसते पाणी...

रस्त्यावर बसचा भोंगा वाजला.

"नेव्हिया," त्याच्या चष्म्यावरून पाणी गळत होते. "मला तुम्हाला काही... म्हणजे, मी पत्र लिहीन. उद्याच..."

मी त्या विरघळलेल्या वाफ्याकडे पाहत होते.

"उद्या नको," मी म्हणाले. "आमच्या घरात बायका आधी बोलत नाहीत. आज मी बोलते आहे, तेव्हा नीट ऐक. खेळ त्यांना आवडो, न आवडो, तू परत ये. माझ्यासाठी ये."

'तू' ऐकून तो थरारला. मग हसला, भिजलेल्या चेहऱ्याने, लहान मुलासारखा.

"तू बोलावलं नसतंस तरी आलो असतो," तो म्हणाला. "सात खड्डे बुजवायचे आहेत ना मला? किती दिवस लागतील?"

"वर्षं लागतात."

"किती वर्षं?"

"ते आल्यावर सांगेन. पळ, बस जाईल!"

पिशवी उचलून तो अनवाणीच पळाला. बूट आमच्या दारात राहिले.

वसंतात, संत जॉर्जच्या दिवशी, आम्ही मिठागराची घरे पुन्हा उघडली. मी खिडकी ढकलली तेव्हा बांधावरून कोणीतरी येत होते. विद्यालयाने खेळाचे काय केले, हे मी त्याला संध्याकाळपर्यंत विचारलेसुद्धा नाही. मी फक्त पायांकडे पाहिले.

त्याने नवे बूट घेतले होते, आणि ते हातात धरले होते.